सोले सोलताना झालेली परीक्षा

शनिवार, डिसेंबर. दारव्हा, संध्याकाळ.

माझ्या वर्गतपासणीचा शीलाचा अहवाल आज मुख्याध्यापकांनी हातात दिला. शीला, डी.एड.ला माझी रूम पार्टनर, आता आमची केंद्रप्रमुख. छापील इंग्रजी फॉर्मवर ‘एक्झामिनर’पुढे तिचं नाव, ‘एक्झामिनी’पुढे माझं. खाली तिच्याच अक्षरात: ‘पहिलीच्या मुलांना मराठीऐवजी गोरबोलीत शिकवते, असे शिक्षिकेने स्वतः कबूल केले.’

कबूल केले? कधी? वर्गात तर ती दहा मिनिटंही बसली नव्हती.

मग आठवलं. गेल्या रविवारी ती घरी आली, माझ्यासोबत तुरीचे सोले सोलत बसली. मी म्हटलं, “तांड्यावरच्या बंजारा लेकरायले घरच्या बोलीत सांगतलं तं लवकर समजते.” तर म्हणाली, “बराबर करून राह्यली तू. मी बी तेच केलं असतं.” जाताना डबाभर सोले घेऊन गेली.

शाळेच्या कपाटातली जुनी जाड डिक्शनरी घरी आणली. एक्झामिनी म्हणजे परीक्षा देणारा, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात पुढे आहे, पूर्वी कोर्टात ज्याला प्रश्न विचारून तपासत तोही. साक्षीदार असो की आरोपी. मी यातली कोण? आरोपीला निदान कळतं, आपण कुठे उभे आहोत. मी तर तिला बसायला पाट दिला होता.

गोरबोलीत शिकवल्याचं मला काही वाटत नाही. सोमवारीही शिकवीन. पण ते सोले... दहावीच्या पेपरलासुद्धा आधी घंटा वाजते. माझ्या स्वयंपाकघरात वाजली नाही.