पाट्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर

३ जून

चि. ताईस अ. उ. आ.

फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी हो हो करतो, म्हणून पत्र. जुनी बिघडली म्हणून तू पाठवलेली ‘हलकी’ सिस्टीम आपल्या कॉम्प्युटरने दारातूनच परतवून लावली. काळा पडदा, इंग्रजीत एक ओळ, बस. पाटीची अक्षरं कापणारं मशीन याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. नव्या कॉम्प्युटरला त्याची जाड वायर लावायला जागाच नसते. दवाखान्याची पाटी अडकलीय. डॉक्टरीणबाई रोज डोकावून नुसत्या हसतात, ते जास्त लागतं. दुसरी पाठव. लोभ आहेच, कॉम्प्युटर चालला तर वाढेल.

बाबा

११ जून

ती. बाबांस सा. न.

दुसरी पाठवतेय. हीही नाही चालली तर हट्ट सोडा. दुकान आवरा आणि दोघंही इकडे या. मागची खोली रिकामी आहे, ऊनही छान येतं. काम अडलं म्हणून आईवर चिडू नका, माझ्यावर लोभ असू द्या.

ताई

१९ जून

चि. ताईस आ.

चालू झाली. म्हणजे मी आंघोळ करून आलो तरी पडदा उघडतच होता. डिस्क चढावरच्या भरल्या ट्रकसारखी कण्हत होती. मशिनांचे आवाज ऐकूनच मी पोट भरलंय, मला कळतं. जुने सुटे भाग विकणाऱ्याला दोन्ही दाखवल्या. तो म्हणाला, पहिली चौसष्ट बिटांची, तुमचं डबडं बत्तीसचं, ती जन्मात चालायची नाही. दुसरी नव्या मशीनलाही दमवेल. वर विचारतो, पाठवणाऱ्याला यातलं काही कळतं का. मी सांगितलं, याच डबड्यावर शिकून ती आज कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळते. म्हणजे तुला सगळं कळतं, आणि तरी या दोन पाठवल्यास.

राग आहे, आशीर्वादही आहेत.

बाबा

२७ जून

ती. बाबांस सा. न.

ओळखलंत. तुम्ही अजून शिडीवर चढून पाट्या लावता, हे आईने सांगितलं आणि झोप उडाली. दुकान बंद पडलं तर खाली तरी उतराल, असं वाटलं. सोबत खरोखरची हलकी पाठवलीय, आपल्या डबड्याच्या मापाने बेतलेली. रागवा, पण अबोला धरू नका.

ताई

५ जुलै

चि. ताईस अ. उ. आ.

चालली. डिस्क जरा कुरकुरली, मग गुमान कामाला लागली. दवाखान्याची पाटी झाली. लावायला माणूस घेतला. मी खालून नुसता ओरडलो. उरलेल्या तुकड्यातून तुझं नाव कापलंय. मागे आलो तेव्हा तुमच्या दारावर एकट्या जावईबापूंचीच पाटी होती, ते डोळ्यांत खुपलं होतं. ती लावायला आम्ही दोघं येतोय. दाराला शिडी लागत नाही.

मागची खोली झाडून ठेव. परतीची तिकिटं काढलीत.

बाबा