श्वास सोडा, तसंच थांबा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लेकीला पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हटलं!

सव्वीस वर्षं या सीटी स्कॅनच्या खोलीत काढली. फोटो आम्ही टेक्निशियन लोकांनी काढायचे, वाचायचे डॉक्टरांनी. पेशंट विचारतात, ‘काय दिसलं हो?’ आपलं उत्तर ठरलेलं – ‘डॉक्टर सांगतील.’ आणि आज त्या वाचणाऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत कोण, तर माझी कार्टी. लहानपणी माझ्या जुन्या एक्स-रे फिल्म खिडकीला लावून ‘बाबा, हा माणूस हसतोय का?’ विचारायची ती.

पहिला पेशंट टेबलवर घेतला. इंटरकॉमचं बटण दाबलं. काय म्हणावं कळेना. ‘मॅडम, पेशंट तयार आहे.’ पलीकडून ती म्हणाली, ‘घ्या.’ घ्या! मला!

घरी आल्यावर म्हटलं, ‘ताट उचल तुझं.’ उचललं गुपचूप.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही म्हणते, ‘घरात दोन-दोन माणसं आरपार बघणारी. मी लपवायचं काय नि कुठे!’

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक टेलरबाई आल्या सोनोग्राफीला. चाळिशीच्या असतील. ब्लाउजवर अजून एक टाचणी खोचलेली, ती मीच काढायला सांगितली. बरोबर नवरा, व्हॅन चालवतो. त्याच्या हातात उशीएवढी जाड फाईल. जेवलं की अर्ध्या तासात वरच्या पोटात कळ. दीड वर्ष झालं. अकरा किलो वजन गेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, पित्ताशय बघून झालं, सीटी दोनदा, त्यातला एक आमच्याकडचाच. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्यात.

नवरा म्हणाला, ‘ही खायलाच घाबरते हो. घास हातात घेऊन बसते नुसती.’ त्याची आई म्हणे नखरे म्हणते.

बाई मॅडमना म्हणाल्या, ‘मी नाटक करत नाही हो.’ इतकंच. आवाज चढवला नाही. खूपदा सांगून झालेलं वाक्य असणार.

दुसरं कोणी असतं तर पाच मिनिटांत ‘नॉर्मल’ लिहून मोकळं झालं असतं. मॅडमनी चाळीस मिनिटं लावली. बाहेर रांग चुळबुळायला लागली, आयामावशी दोनदा दारात डोकावून गेल्या. मी दाराशी उभा. मॅडम रक्तप्रवाहाचा आवाज ऐकत होत्या – मशीनमधून येतो तो, सूं सूं. मग म्हणाल्या, ‘आता श्वास पूर्ण सोडा. तसंच थांबा.’

आवाज बदलला! मलाही कळलं. बारीक, चिरका झाला. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की होतो तसा.

‘आता घ्या श्वास.’ परत साधा.

मॅडमनी चार वेळा करून बघितलं. मग बाईंचा हात हातात घेतला नि म्हणाल्या, ‘मला वाटतं, काहीतरी आहे. अजून खात्री नाही. पण तुमच्या मनाचे खेळ आहेत असं मला वाटत नाही.’

टेलरबाई रडल्या. काहीतरी आहे म्हटल्यावर कोणी इतकं आनंदाने रडतं का? रडल्या.

१२ फेब्रुवारी

जेवताना समजावून सांगितलं तिने. घरात असल्यामुळे ‘तिने’ म्हणतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याला खाली एक पट्टा असतो. काही माणसांत तो जरा खाली उतरलेला. पोटाला रक्त नेणारी वाहिनी बरोबर त्याच्याखालून निघते. श्वास सोडला की पट्टा तिच्यावर दाबतो. श्वास घेतला की सुटतो.

‘आणि आपण सीटीत काय सांगतो पेशंटला?’ तिने विचारलं.

माझा घास तोंडात तसाच. श्वास घ्या, रोखून धरा! सव्वीस वर्षं तेच म्हणतोय. म्हणजे आम्ही फोटो काढायला जायच्या आधी चोराला पळून जायला वेळ देत होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी खास परवानगी काढली. सीटी परत, या वेळी श्वास सोडून.

जीभ वळेना माझी. ‘श्वास घ्–’ म्हटलंच एकदा. टेलरबाई आतून हसल्या. पुन्हा बटण दाबलं. ‘श्वास बाहेर सोडा... पूर्ण... तसंच थांबा.’ स्वतःचाही श्वास सोडून थांबलो होतो, हे मशीन थांबल्यावर कळलं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘बाजूने दाखवा.’ चित्र फिरवलं. मोठ्या रक्तवाहिनीतून ती पोटाची वाहिनी निघते, ती सरळ पुढे यायला हवी. इथे वरून दाबलेली, खाली वाकलेली – कपाटाला असतो ना, शर्ट अडकवायचा आकडा? थेट तसा. दाबाच्या पुढे फुगलेली.

दिसलेलं बोलून दाखवायची सवय नाही. मॅडमच म्हणाल्या, ‘दिसलं?’

‘दिसलं, मॅडम.’

इतक्या वर्षांत मला हे विचारणारी पहिली डॉक्टर. आणि ती माझी पोरगी निघावी!

१५ फेब्रुवारी

मोठ्या सरांनी – विभागप्रमुखांनी – पाणी ओतलं. रागावले नाहीत, पण स्पष्ट. ‘असा आकडा धडधाकट माणसांतही दिसतो. श्वास सोडून बघितलंत तर दहातल्या दोघा-चौघांत सापडेल. ऑपरेशन चित्राचं करायचं नसतं, माणसाचं करायचं असतं. बाईंचं पोट फाडून दुखणं तसंच राहिलं तर?’

मला वाटलं, आता पोरीचा चेहरा पडणार. माझाच पडला. ती म्हणाली, ‘बरोबर आहे सर. म्हणूनच आधी एक चाचणी करायची आहे.’ वही काढली. रात्रभर वाचून आली होती म्हणे.

उलटून बोलली नाही, मागेही हटली नाही. हे माझ्याकडून आलेलं नाही. तिच्या आईकडून असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी झाली. त्या वाहिनीच्या भोवती नसांचं जाळं असतं, तेही पट्ट्याखाली चिरडतं. तिथे सुईने बधिर करायचं औषध सोडायचं. औषधाचा अंमल आहे तोवर दुखणं थांबलं, तर आपण बरोबर वाटेवर. सुई पाठीतून, सीटीवर बघत बघत, मोठ्या वाहिनीच्या बाजूने. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर संपलं.

मोठे सर शेजारी उभे, पण हात मागे बांधून. सुई मॅडमच्या हातात. मी टेबल सरकवत होतो. ‘अजून पाच मिलिमीटर आत... थांबा.’ हात जराही हलला नाही तिचा. याच हाताने लहानपणी दूध सांडायची रोज, नेम चुकवायची नाही.

मग बाईंना जेवायला दिलं. पूर्ण ताट. आम्ही सगळे बहाणे काढून वॉर्डात. नवरा घड्याळाकडे बघतोय. वीस मिनिटं. अर्धा तास. पाऊण तास.

बाईंनी विचारलं, ‘अजून थोडं मिळेल का?’

नवरा उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

मोठे सर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘चांगलं वाढवलंत.’ आता बोला!

५ मार्च, बुधवार

ऑपरेशन आज. दुर्बिणीतून. तीन तास चाललं. मी सात पोटं स्कॅन केली, एकाचंही नीट आठवत नाही.

६ मार्च

सर्जनबाई खाली आमच्या खोलीत आल्या, मुद्दाम. ‘पट्टा दोरखंडासारखा होता. कापला, तशी वाहिनी डोळ्यांसमोर फुलली.’ मग मॅडमना म्हणाल्या, ‘तुमच्या चित्रात होतं तसंच, अगदी तिथेच.’

मॅडमनी मान डोलवली, पुढचा रिपोर्ट लिहायला घेतला. सर्जनबाई गेल्यावर खुर्ची एकदा गर्रकन फिरवली. मी काचेतून बघितलं. मी बघितलं हे तिने बघितलं.

२७ मार्च, गुरुवार

टेलरबाई आल्या. गालांवर जरा मांस दिसतंय. साडेतीन किलो वाढलं. म्हणाल्या, ‘सासूबाईंच्या आधी जेवून उठते आता!’ मॅडमसाठी स्वतः शिवलेला सुती कुर्ता आणला होता. माप न घेता. अगदी बसला. ‘तुम्ही माझं पोट न कापता ओळखलंत, मग मी तुमचं माप ओळखायला नको?’

मोठ्या सरांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात सगळ्या डॉक्टरांच्या सभेत मॅडमनी ही केस मांडायची. आणि टेक्निशियननीही यायचं. म्हणजे मी. ‘श्वास सोडून फोटो कसा काढला ते तुम्ही सांगा.’

मी? माईकवर? मी फक्त ‘हलू नका’ एवढंच बोलत आलोय माईकवर.

ही इस्त्रीचा शर्ट आत्तापासून काढून ठेवते आहे. तीन आठवडे आहेत अजून. छाती फुगली आहे माझी, कबूल. सीटीत दिसेल इतकी.

९ एप्रिल

आरशासमोर सराव केला. लेक दारात उभी राहून ऐकत होती, हसली नाही. ‘बाबा, दोन वाक्यं कमी कर. आणि जमिनीकडे नको बघूस.’

१६ एप्रिल, बुधवार

सभा उद्या. टेलरबाईंचा गेल्या वर्षीचा आमच्याकडचा स्कॅन शेजारी दाखवायचा; सभेच्या संगणकावर लावता यावा म्हणून तेव्हा पेशंटला दिलेली सीडी त्यांच्याकडून मागवली. मी लावली. आमच्या संगणकावर त्या दिवशीची एकच फेरी – एका श्वासात काढलेले फोटो – आहे, डॉक्टरांकडे पाठवलेली. सीडी थेट मशीनवरून भरतात, तिच्यावर दोन निघाल्या.

पहिलीत बाईंचा श्वास मध्येच सुटलेला. तिच्यावर शेरा आहे – ‘श्वास सुटला. वापरू नये.’ खाली माझी आद्याक्षरं. खराब म्हणून ती मी डॉक्टरांकडे पाठवलीच नव्हती. दुसरी पाठवली, श्वास भरून घेतलेली.

पहिली उघडली. बाजूने फिरवली. आकडा. अगदी स्वच्छ. चौदा महिन्यांपूर्वीचा.

खोलीत कोणी नव्हतं. सीडी खिशात मावते.

मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी लावली, शेरा वाचला, चित्र बाजूने फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हे उद्या सांगावं लागेल.’

‘सांगा.’

‘फेरी कोणी बाजूला ठेवली, तेही.’

‘ते मी सांगतो,’ म्हटलं.