रंकाळ्यावरून परत आणलेली कासवं

प्रिय पवित्रा,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही बरे आहोत. फोनवर माझं 'जेवलीस का, थंडी पडली का' एवढ्यावरच संपतं आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून आज पूजा आटोपल्यावर ह्यांच्या जुन्या वहीतली पानं फाडून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर समजून घे. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही.

आधी कासवांबद्दल सांगते, कारण त्यांच्याबाबत मी तुझ्याशी खोटं बोलले. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा 'मजेत आहेत' म्हणाले. ती मजेत नव्हती. पैलवान कसाबसा हिंडत होता, पण चिमीचे डोळे सुजून मिटले होते आणि आठवडाभर तिनं तोंडात काही घेतलं नव्हतं. पाठीवरून अंगठा फिरवला तर कवच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबायचं. हे तुला सांगायचं तोंड मला नव्हतं.

वीरेशनं ती दोघं तुझ्या वाढदिवसाला आणली, तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी होती. दुकानदार म्हणाला होता, ह्यांना काही लागत नाही, एक भांडं आणि चिमूटभर खाणं. पुढं तीन महिन्यांनी कागलजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला, माझा लेक गेला आणि घरात कुणाचंच कशात लक्ष राहिलं नाही. तरी तू दीड वर्ष त्यांचं पाणी बदललंस, त्यांचा तो वाळक्या जवळ्याचा डबा माझ्या नाकाला वास नको म्हणून गॅलरीत ठेवलास. आजऱ्याला माहेरी जाताना म्हणालीस, 'अत्ती, महिनाभर सांभाळा, नोकरीचं जमलं की येऊन नेते.' मी नुसती मान हलवली. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो डबा कामाला येणाऱ्या तानाबाईला देऊन टाकला आणि कासवांना चुरमुरे आणि भाताची शितं घालायला लागले. आपलं घर शाकाहारी, तेव्हा आपण खातो तेच त्यांनी खावं, असा माझा हिशेब. भांडंसुद्धा तेच, काचेचं, मधे प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. ते मी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला ठेवलं होतं, म्हणजे काम करताना नजरेसमोर राहतील. त्या कोपऱ्यात ऊन कधी येत नाही हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

हे म्हणत होते डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, कासवाला डॉक्टरकडे कोण नेतं? खरं कारण वेगळं होतं. या घरात माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक जीव जायला नको होता. तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना झाकणाच्या बादलीत घातलं आणि ह्यांना न सांगता रिक्षानं रंकाळ्यावर गेले. मनाला समजावलं की पाण्यातला जीव पाण्यात जाईल, आपण पुण्याचंच काम करतोय.

घाटाच्या पायरीवर बसून झाकण काढते न काढते तोच मागून आवाज आला, 'मावशी, काय सोडायलायसा पाण्यात?' वळून बघितलं तर फिरायला आलेला एक पन्नाशीचा गृहस्थ. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. तो सरळ येऊन शेजारी बसला, बादलीत डोकावला. म्हणाला, 'मी जनावरांचा डॉक्टर हाय. ही कासवं आपल्याकडची न्हाईत, बाहेरच्या देशातली हाईत. ही जगून मोठी झाली तर हितल्या माशांच्या, कासवांच्या तोंडचं खात्यात. आणि ही बारकी हाय न्हवं, ही चार दिवसांत मरती बघा. तुम्हाला दिसणार न्हाय, एवढंच.'

पवित्रा, ते शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी तिथं पायरीवरच रडायला लागले. माणसं बघत होती. त्या डॉक्टरनं, उदयसिंह त्यांचं नाव, बादलीचं झाकण लावलं, मला उठवलं आणि आपल्या गाडीतनं थेट दवाखान्यात नेलं. चिमीला तपासता तपासता काय खायला घालता, ऊन कुठनं मिळतं, पाणी कुठलं, एकेक विचारत गेले. मी सांगत गेले आणि ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, 'मावशी, माया हाय तुमच्याकडं, पण माहिती न्हाय. नुसत्या मायेवर जीव जगत न्हाय. त्याला काय लागतंय ते बघाय लागतंय की.' मी खाली मान घालून ऐकलं. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घराची शाळा झाली. बैठकीच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आली. त्यात पाणी गाळणारं यंत्र आणि वर दोन दिवे, एक उबेचा आणि एक उन्हाचं काम करणारा. उन्हाशिवाय खाण्यातलं कॅल्शियम कवचाला लागत नाही म्हणे. ह्यांनी फरशीचा तुकडा घासून उतरती पायरी केली, वर चढून अंग पूर्ण कोरडं करता यावं म्हणून. पहिली पायरी गुळगुळीत झाली, पैलवान तीनदा घसरून पडला, मग ह्यांनी तिच्यावर खडबडीत दगड चिकटवले. नळाचं पाणी औषध घालून तयार केल्याशिवाय आता टाकीत पडत नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातनं समुद्रफेस आणला, तो पाण्यात टाकला की दोघं कुरतडतात. कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, हे मी ह्यांना दिवसातनं दहादा सांगते. आणि हसू नकोस, त्यांच्या खाण्याच्या गोळ्या माशाच्याच असतात, त्या मी माझ्या हातानं घालते. पहिले दोन दिवस नाकाला पदर लावला. तिसऱ्या दिवशी विसरले.

चिमीला वेगळ्या टबात कोमट, उथळ पाण्यात ठेवलं होतं. इंजेक्शनं झाली, रोज डोळ्यांत थेंब. सतरा दिवस तिनं काही खाल्लं नाही. डॉक्टर म्हणायचे, 'वाट बघा, कासव हाय, त्याच्या चालीनं येणार.' अठराव्या दिवशी दुपारी तिचा एक डोळा फटीएवढा उघडला. मी भिजवलेली गोळी चिमट्यात धरून समोर नेली. तिनं मान पुढं काढली आणि घेतली. मी हाका मारल्या तसे हे अर्धी दाढी केलेले तसेच धावत आले. त्यानंतर किती वेळ आम्ही दोघं त्या टबाशेजारी जमिनीवर बसून होतो कुणास ठाऊक. वीरेश गेल्यापासून एकमेकांजवळ तसे बसलो नव्हतो. ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. मग बोलतच राहिले.

आता चिमीचं कवच घट्ट होतंय. आकार थोडा वेडावाकडा राहील, तो सुधारणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण ती खाते, पोहते, पैलवानाला दिव्याखालनं ढकलून जागा घेते. अजून तीस वर्षं जगतील म्हणे. हे म्हणाले, मग आपल्याला तब्येत सांभाळायला हवी.

डॉक्टरांचा तो मायेबद्दलचा बोल मात्र माझ्या मनातनं जात नाही. वीरेश गेल्यावर तू आमच्याजवळ होतीस त्या दीड वर्षात मी तुला एकटीला कुठं जाऊ दिलं नाही. मैत्रिणीच्या लग्नाला निघालीस तर लोक काय म्हणतील म्हणून थांबवलं. आलेल्या-गेलेल्याला सांगायची, 'सून नाही, लेक आहे माझी,' आणि तू हिरवी साडी नेसलीस त्या दिवशी जेवले नाही. तू साडी बदलून आलीस. ते मला तेव्हाही दिसलं होतं. तू माहेरी निघालीस तर दारापर्यंतसुद्धा आले नाही मी. तू गेलीस म्हणजे वीरेश दुसऱ्यांदा गेला, असं वाटत होतं. त्यात तुझा काय दोष होता?

परवा तुझ्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग रडायला लागल्या. निपाणीच्या त्या मृत्युंजय नावाच्या मास्तरांनी तुला मागणी घातली, माणूस चांगला आहे, तुलाही पटलाय, आणि तरी तू दोन महिने गप्प आहेस, हे मला तेव्हा कळलं. तू आईला म्हणालीस म्हणे, 'अत्तींना विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही, आणि त्यांना विचारायचं धाडस मला होणार नाही.' म्हणून हे पत्र. तू विचारू नकोस, मीच सांगते. हो म्हण. मी कुढत नाही, कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, हे शेजारी बसून वाचतायत आणि 'माझंही लिही' म्हणतायत. वीरेशला विसर असं मी म्हणणार नाही, तू विसरणार नाहीस हे मला माहीत आहे. तारीख ठरली की कळव. आम्ही आदल्या दिवशीच येऊ. मांडवात मुलीकडची माणसं बसतात तिथं, तुझ्या आईच्या शेजारी, माझ्यासाठी एक जागा ठेवायला सांग.

तुझीच,
दानम्मा अत्ती