फराळाच्या डब्यातल्या चाव्या

३ नोव्हेंबर, सोमवार

चकल्यांचा डबा धुऊन पुसला आणि त्यात सगळ्यांच्या ट्रकच्या चाव्या ठेवल्या. डुप्लिकेटसकट!

काल सगळे गाडीमालक आमच्या ओटीवर बसले होते. धाटावच्या कंपन्यांतून निघणारा माल अर्धा झालाय, गाड्या मात्र दुप्पट. ज्याला कर्ज मिळालं त्याने गाडी घेतली. आता गेटवर नंबर लावून दिवसच्या दिवस बसायचं. एजंट म्हणतो, ‘तो बघा, कमीत जातोय’ — की आपण त्याहून कमी! डिझेलसुद्धा सुटत नाही अशा भाड्यात माल वाहायचा. आणि परत वर मिशीला पीळ. शिसारी येते.

महिपतीने नारळ फोडला. भाडं वाढवून मिळेपर्यंत गाडी ज्याच्या त्याच्या दारात उभी, चाव्या माझ्याकडे. ‘वहिनी शाळेतल्या बाई हायेत. त्यांच्यापुढं खोटं कोण बोलंल?’ सगळे हसले. मीही.

आमची गाडी नेमकी नागोठण्याला, गॅरेजात. इंजिनाचं काम. चावी मिस्त्रीकडे. अंबरीश म्हणाला, ‘या वेळी जमलं नाही तर गाडी विकायची.’ आणि मग? पन्नाशीला टेकलेला माझा नवरा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर? त्याने हे भाजी निवडता निवडता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

५ नोव्हेंबर

गडबच्या गिरजाबाई आल्या. मुलाच्या गाडीची चावी हवी. ‘गो आसावरी, पोरीला बघायला पावणे यायचेत. दारात एवढं धूड उभं, मांडव कुठं घालू? जरा बाजूला घ्यायचीय.’

बघायला येणाऱ्यांसाठी मांडव! दिली चावी. ‘कुणाला सांगू नको हां.’

६ नोव्हेंबर

रामवाडीला एसटीची वाट बघत होते. समोरून गिरजाबाईंच्या मुलाची गाडी गेली. ताडपत्री ताणून बांधलेली, गच्च भरलेली. थुंकावंसं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जोह्याचे हैबतराव. म्हणे बॅटरी उतरते, नुसती चालू करून ठेवायची. दुपारी खुद्द महिपती — ज्याने नारळ फोडला तो! ‘नवस बोललोय वहिनी. गाडी देवाला दाखवून आणतो.’

‘रिकामीच दाखवणार ना?’

‘तुमी पण ना!’ म्हणत दात काढले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. चहा नको, पाणी नको.

असे रोज कुणी ना कुणी येतात, चावी घेऊन जातात. डबा हलका होतोय. एकही जण माझ्या नजरेला नजर देत नाही. काय ही माणसं! एकमेकांच्या पोटावर पाय देऊन उभं राहायचं आणि त्याला धंदा म्हणायचं.

मी तरी का देते? गाडी ज्याची, चावी त्याची. अडवणारी मी कोण? हे खरंच. पण खरं त्याहून साधं आहे. तोंडावर ‘नाही’ म्हणायला मला जमत नाही, कधीच जमलं नाही.

अंबरीशला काही सांगितलेलं नाही. दिवसभर मिस्त्रीपाशी बसून येतो, डोळे लालभडक, बोलायचं त्राण नसतं. त्याला अजून वाटतंय, सगळे शब्दाला धरून आहेत. त्याच्या पाठीला तेल लावून दिलं. तो एकटा सरळ माणूस, आणि गाडी त्याचीच जाणार.

९ नोव्हेंबर

डब्यात एकच जोडी उरली. गागोद्याच्या जनूची.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जनूची बायको आली, निशिगंधा. पायरीवर असतानाच मी फाडकन बोलले, ‘तुझं काय? पाहुणे, बॅटरी की नवस?’

ती म्हणाली, ‘वहिनी, नारळ फोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंबरीशभाऊंची गाडी धाटावला गेटवर लागलेली. सगळ्यांहून कमी भाड्यात. ती बघून बाकीचे निघाले. पण तुमच्या तोंडावर कोण सांगणार? तुमाला वाईट वाटंल म्हणून जो तो काय ना काय कारण काढून आला.’

चावी दिली. तिने चहा घेतला.

संध्याकाळी अंबरीश आला. ‘मिस्त्री अजून दोन दिवस म्हणतोय.’

‘बरं,’ म्हटलं.