फळीवर एक, बिलात दुसरंच

ती. वन्संना,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकले तर उठवायला माणूस लागतो). तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर कळवा, आणि दुखायचा थांबला असेल तर आधी कळवा, कारण या पत्राचं बरंचसं त्या गुडघ्यावर अवलंबून आहे. भाऊजींचा खोकला, धाकटीची परीक्षा आणि मांजरीचं बाळंतपण सगळं नीट पार पडलं असेल असं धरून चालते. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे हे ठीक नाहीत, आणि मी ठीक आहे की नाही ते माझं मलाच कळेनासं झालं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्या बंधूंनी उभा जन्म गाडीत तिकिटं तपासण्यात घालवला. समोरच्याच्या पापणीवरून त्याच्या खिशात तिकीट आहे की नाही ते ओळखायचे. निवृत्त झाले आणि पकडायला कुणी उरलंच नाही. सुरुवातीला मला पकडलं (दुपारचा दुसरा चहा, ठिबकता नळ, फोनवर तुमच्याशी लांबलेलं बोलणं). पुढे तेही सोडून दिलं. दाढी करायचे थांबले, जेवताना मीठ कमी आहे म्हणायचे थांबले, नुसते पंख्याकडे बघत पडून राहायचे. काय बघताय विचारलं तर म्हणायचे, "फिरतोय." वन्सं, त्या एका शब्दाची मी धास्ती घेतली होती. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला की घर किती मोठं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या दुकानात न्यायला लागले, जिथे आपणच ढकलगाडी ढकलायची, आपणच वस्तू घ्यायच्या आणि शेवटी रांगेत उभं राहायचं. तिथे फळीच्या कडेला प्लास्टिकची पट्टी असते आणि तिच्यात किमतीच्या चिठ्ठ्या खोचलेल्या असतात. काउंटरवरचं यंत्र मात्र त्या चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. ते डब्यावरच्या काळ्या रेघा वाचतं आणि आपल्या मनाचा आकडा लावतं (रेघांमधून आकडा कसा येतो ते ह्यांनी मला दोनदा समजावलं, दोन्ही वेळा वेगळं). पहिल्याच दिवशी जॅमच्या बाटलीला फळीवर एक किंमत आणि बिलात दुसरीच निघाली. ह्यांनी बिल उजेडासमोर धरलं, अगदी तिकीट धरायचे तसं, आणि मान तिरकी केली. ती तिरकी मान मी किती महिन्यांनी बघत होते म्हणून सांगू! मागची रांग वैतागली, काउंटरवरची चष्मेवाली गांगरली, टायवाला मॅनेजर धावत आला, सगळी वरात जॅमच्या फळीपाशी गेली आणि चिठ्ठी बघून मॅनेजरने माफी मागितली. परतताना हे शीळ घालत होते.

मग दर खेपेला तेच. कधी साबण, कधी चहा, कधी दात घासायचा ब्रश. एकदा तर बिलात फळीपेक्षा कमी लागलं, तर हे जास्त द्यायला भांडले. घेणार नाही म्हणता म्हणजे काय, चूक ती चूक, असं मॅनेजरला दरडावलं. त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उडाला तो अजून उतरलेला नाही. इमारतीतही बातमी पसरली, कारण इतरांचीही बिलं चुकत होतीच. संध्याकाळी दारात माणसं बिलं घेऊन उभी राहायला लागली. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, जो कधी जिन्यात ओळख दाखवत नव्हता, तो ह्यांना 'तपासनीस साहेब' म्हणायला लागला. दाढी रोजची झाली. मीठ पुन्हा कमी लागायला लागलं. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

अशातच मागच्या महिन्यात हे बाहेर ढकलगाडी जागेवर लावायला गेले असताना मॅनेजरने मला हळूच आतल्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं (तेव्हाच मी ओळखलं, फुकटचं पाणी कुणी देत नाही). समोर टीव्हीसारखं काहीतरी होतं, त्यात एक जाडशी बाई दिसत होती. ती बाई फळीवरच्या बाटल्या उंच मागे, बुटक्या पुढे अशा लावत होती, नावं सगळी बाहेरच्या बाजूला करत होती, आणि कडेच्या चिठ्ठ्या सरकवून सारख्या अंतरावर आणत होती. खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून, पदराने पुसून, जिथे मोकळी जागा दिसली तिथे तिने नीट खोचली. मी म्हटलं, बाई कामसू दिसते. मॅनेजर म्हणाला, "मावशी, त्या तुम्हीच आहात."

वन्सं, मी पाठमोरी अशी दिसते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण ते राहू द्या. हे प्रत्येक डब्यामागचा बारीक मजकूर वाचत उभे राहतात, तोवर मी काय करणार? माझे हात शिवशिवतात. आणि हे वळण कुणी लावलं? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही माझे सगळे डबे खाली काढायला लावले होतेत आणि उंच मागे, बुटके पुढे, तोंडं बाहेर, असं माझ्याकडून घोकून घेतलं होतंत. मी मॅनेजरला म्हटलंसुद्धा, की हे आमच्या वन्संचं शिक्षण आहे. त्याने हात जोडले. म्हणाला, तुमच्यामुळे इथल्या दोघांना वरून बोलणी बसली आहेत, काकांना मी काही सांगणार नाही, पण यापुढे कशालाही हात लावू नका. मी शब्द दिला. तेव्हापासून दुकानात मी हात पाठीमागे बांधून फिरते, एखाद्या पाहुण्या मंत्र्यासारखी.

आणि बिलं बरोबर यायला लागली. एक नाही, सगळी. पहिल्यांदा ह्यांनी तीनदा बेरीज केली. मग चष्मेवालीकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिनेच दगा दिला. दारात येणारी माणसं आटली, दातांचा डॉक्टर पुन्हा अनोळखी झाला, आणि परवा मी स्वयंपाकघरातून डोकावले तर हे पंख्याखाली आडवे. मी विचारलंच नाही काय बघताय. मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? खरं सांगितलं तर त्यांचे सगळे विजय माझ्यामुळे झाले असं होतं, आणि मग माणूस पंख्याकडेही बघणार नाही, भिंतीकडे तोंड करून निजेल. न सांगितलं तर रोज हे असं. दुकानाचं नुकसान करावं असं मला वाटत नाही, पण जॅमच्या एका बाटलीने दुकान बुडतं का, हेही मला कळत नाही. डोकं अगदी भणभणून गेलं आहे. गुडघ्याला जपा. भाऊजींना नमस्कार, मांजरीच्या पिल्लांना पापा.

तुमची,
हात बांधलेली भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गुडघा बरा असेल तर आठ-पंधरा दिवस इकडे या. त्या दुकानात तुमचा चेहरा कुणी ओळखत नाही, आणि फळी लावण्यात तुमचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. मी शब्द माझ्यापुरता दिला आहे, सगळ्या घराण्याचा नाही. फक्त जॅम आणि साबण केलंत तरी पुरे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भलतंच झालं, म्हणून पुन्हा लिहायला बसले. आज हे एकटेच दुकानात गेले होते. आले ते शीळ घालत! बिलात दोन चुका, मॅनेजरची माफी, डॉक्टरसुद्धा जिन्यात थांबून ऐकत होता. मी घरातून पाऊल बाहेर टाकलं नव्हतं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, की चला, ते दुकान मुळातच तसलं आहे. मग ह्यांचा शर्ट धुवायला घेतला आणि खिशातून किमतीच्या चार चिठ्ठ्या निघाल्या. म्हणजे आधीच्या चुका माझ्या होत्या, पण आजच्या कुणाच्या ते त्या चिठ्ठ्याच सांगत होत्या. मला राग यायला हवा होता. जन्मभर लोकांना पकडलेला माणूस! पण आत न्हाणीघरात हे मोठमोठ्याने गात होते, म्हणून मी चिठ्ठ्या होत्या तशा खिशात ठेवल्या आणि शर्ट पुन्हा खुंटीला लावला.

तेव्हा या, पण नुसत्याच या, फळीला हात लावायची गरज नाही. आणि आल्या आल्या तुम्हाला दारामागे एक मळका शर्ट लोंबताना दिसेल. तुमचा जीव तळमळेल, मी ओळखून आहे. पण पाया पडते, वन्सं, तो धुवायला टाकू नका.