सहाव्या तासानंतरची पावलं

खडकी, पुणे
२ जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि हळद, दोन्ही पोचलं. सांगलीच्या हळदीपुढे इथली म्हणजे नुसती पिवळी माती.

माझ्या चालण्याची तपासणी एकदाची झाली. गेल्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नसांवरचं वेष्टन झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. आमच्या शाळेचा शिपाई संपत असाच आहे. नोटीस निघते, ती निम्म्याच वर्गांना कळते.

तपासणीला इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट रझियाबाई आहेत. त्या तळपायांना शाई लावून दहा मीटर लांब कागदावरून चालवतात आणि मग पट्टीने पावलांमधलं अंतर मोजतात. मी आठवडाभर व्हरांड्यात खडूची रेघ मारून सराव केला होता. आदल्या दिवशी तर रजा घेऊन पाय उशीवर ठेवून पडले. पावलं अशी नेटकी पडली, की तूर्त कशाचीच गरज दिसत नाही असं बाई म्हणाल्या.

हाच अहवाल मुख्याध्यापक आप्पासाहेबांना द्यायचा आहे. चाल बिघडली असं त्यात आलं असतं, तर त्यांनी मला वर्गावरून काढून ग्रंथालयात बसवलं असतं. बावीस वर्षं गणित शिकवून आता मी पुस्तकांवरची धूळ झटकायची?

लोभ आहेच, तो असू दे. काळजी मात्र थोडी कमी कर.

तुझी,
सुहासिनी

सांगली
९ जुलै १९९६

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि श्यामसुंदररावांचं कार्ड एकाच टपालात आलं. तू लिहितेस, पावलं नेटकी पडली. ते लिहितात, तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी तू शाळेच्या जिन्यात पडलीस आणि कोपराला चार टाके घालावे लागले. नवऱ्याला गप्प बसवायला विसरलीस वाटतं.

कॉपी करणाऱ्या पोरांना तू वर्गाबाहेर उभं करतेस. मग तू केलंस ते काय?

संक्रांतीला आले होते तेव्हा दाराशी तुझ्या चपला पाहिल्या. डावी चांगली होती, उजवीचा अंगठ्याखालचा तळ पार झिजलेला. पाय घासत चालतेस हे तेव्हाच कळलं होतं. बोलायला हवं होतं, पण माझा धीर झाला नाही. म्हणून तुझ्यावर रागावले आहे त्याहून जास्त माझ्यावर रागावले आहे.

आता ऐक. पुन्हा त्या बाईंकडे जा. शाळेचे सहाही तास घेऊन, जिने चढून-उतरून, दमलीस की जा. सराव केल्याचंही कबूल कर. ग्रंथालयात बसावं लागलं तर बस. गणित दुसरं कोणीही शिकवेल, मला बहीण दुसरी मिळायची नाही.

आशीर्वाद आहेतच. राग उतरला की मायाही पाठवते.

ताई

खडकी, पुणे
२६ जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राशी दोन दिवस मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी सहा तास संपवून रिक्षाने तशीच रझियाबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, तपासणीला सगळेच जरा सावरून चालतात, पण खडूची रेघ मारून तयारी करणारी मीच पहिली.

या वेळी आठव्या पावलापासून उजव्या अंगठ्याने कागदावर रेघ ओढली. अकराव्याला थांबावंच लागलं, मग उरलेला कागद कसाबसा पार केला. कागदाकडे वळून पाहिलं आणि मला रडू आलं. बाईंनी स्वतः माझे पाय धुतले आणि सांगितलं, की काय करायचं ते आता कुठे त्यांना कळलं.

अहवालात त्यांनी लिहिलं: पाऊल उचलून धरणारा पट्टा, वर्ग तळमजल्यावर, तास सकाळचे, बसायला खुर्ची. आप्पासाहेबांनी तो वाचला आणि दुसऱ्याच दिवशी आठवी अ खाली आणली. ग्रंथालयाचं त्यांच्या मनातही नव्हतं. मला तिथे बसवलं तर मी पुस्तकांची बेरीज करत बसेन, असं म्हणाले. पट्टा बांधल्यापासून एकदाही अडखळले नाही.

ताई, उपकार मानले तर तू चिडशील. तरी मानते. बाईंनी मोजमाप टिपून घेऊन तो कागद मला दिला. तुझ्यामुळेच तो झाला, म्हणून तुलाच पाठवते आहे.

लोभ होता म्हणून तर ओरडलीस. तो तसाच ठेव.

तुझी,
सुहासिनी

सांगली
३ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

कागदाची गुंडाळी पोचली. आमचे पोस्टमन सर्जेराव विचारत होते, की ताई, जमिनीचा नकाशा आला का. मी हो म्हटलं.

घरात कोणी नव्हतं. कागद पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत अंथरला, चपला काढल्या आणि तुझ्या पावलांवर पावलं ठेवत निघाले. तू वर्षाची होतीस तेव्हा तुझे दोन्ही हात धरून मीच तुला चालायला शिकवलं. पुढे मोठेपणी लक्ष्मी रोडवर मी भराभर पुढे जाते म्हणून तुझी बोलणीही खाल्ली. परवाही माझं पाऊल सवयीने तुझ्या पुढेच पडत होतं. प्रत्येक वेळी मागे घेतलं. अकराव्याला शाईचा डाग पसरला आहे, तिथे तू थांबली होतीस. तिथे मीही थांबले, मग तुझ्या पावलांनीच मागच्या दारापर्यंत गेले.

खरं चालून दाखवलंस, त्याबद्दल आभार तर मीच मानायचे. रझियाबाईंनाही माझा नमस्कार सांग.

दिवाळीच्या खरेदीला येते. आपण लक्ष्मी रोडला जाऊ, आणि या वेळी मी पुढे जाणार नाही. मागच्या दारापर्यंत माझा सराव झाला आहे.

माया पाठवायची राहिली होती, ती सोबत आहे.

तुझी,
ताई