मासे तळायच्या फ्रायरच्या बदल्यात मी

मिलवॉकी, दक्षिण भाग
जानेवारी, रविवार, चर्च आटोपून

तीर्थस्वरूप युजीनदादांच्या चरणी नॉर्बर्टचा नमस्कार.

तुम्ही लोरेनचे थोरले भाऊ, म्हणजे माझेही थोरलेच. (गेल्या ईस्टरला ताटातला हॅमचा शेवटचा तुकडा माझ्या काट्यासमोरून उचललात, ते मी मनात ठेवलेलं नाही. फक्त लक्षात आहे.) शेबॉयगनला बर्फ किती आहे? तब्येत कशी आहे? नवा गुडघा कसा चाललाय? नुसतं 'बरा आहे' असं कळवू नका, नीट लिहा. डावा पाय पुढे टाकून वाकलात तर तोल राहतो का? उजवा खांदा मागे नेताना दुखतो की नुसता वाजतो? अंगठ्याची सूज उतरली का? मोतीबिंदू काढल्यापासून साठ फुटांवरची वस्तू स्पष्ट दिसते का, म्हणजे समजा, एखादी बाटली उभी आहे की आडवी, एवढं तरी? लोरेन म्हणाली, इतक्या चौकशा तर विमेवाले पण करत नाहीत. मी म्हटलं, आपल्या माणसाची काळजी वाटते, त्याला काय करणार.

मी मजेत आहे. लोरेनने फोनवर काय काय सांगितलं असेल त्यातलं निम्मं सोडून द्या. घडलं ते खरं आहे. पण मी रस्त्यापलीकडच्या फ्लोरियनच्या बारमध्ये डोळे पुसत होतो हे खोटं आहे. तिथे कांदा परतत होते, आणि त्याच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. तुम्हाला माझ्या तोंडून खरी हकिकत कळावी म्हणून हे पत्र. सहानुभूती नको आहे. सहानुभूतीचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

तर, तुम्हाला माहीत आहेच, बेसबॉल संपला की एप्रिलपर्यंत माणसाने करायचं काय हा प्रश्न असतो. क्लबवाले हिवाळाभर खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि ती बरोबर की चूक हे बर्निसच्या बारमधल्या शेगडीभोवती बसून आम्ही ठरवतो. (क्लबवाले आम्हाला विचारत नाहीत. म्हणूनच त्यांची ही अवस्था.) यंदाचा विषय एकच, डॅरिल होक. बारा वर्षं आपल्या क्लबसाठी पिचरने फेकलेले चेंडू झेलायला उकिडवा बसून दोन्ही गुडघे झिजवलेला आपला कॅचर. ऑक्टोबरातच कुणकुण लागली, की याला पश्चिम किनाऱ्यावर धाडून त्या बदल्यात विशीतले दोन पिचर आणणार. बर्निसने ते ऐकलं आणि हातातला ग्लास तसाच पुसत राहिली. तिच्या गल्ल्यावर तीन फोटो आहेत: पोपसाहेब, तिचा कैलासवासी नवरा आणि डॅरिल होक. त्यातला नवरा जरा तिरका लागलाय, होक अगदी सरळ आहे.

मी शेगडीपाशी उभा राहून स्पष्ट सांगितलं, की भावना बाजूला ठेवा. पस्तिशी उलटलेला कॅचर म्हणजे जुना फ्रीज, आतला दिवा लागतोय तोवर विकून मोकळं व्हावं. आता हे बोलायला धैर्य लागतं, दादा. सगळा बार एका बाजूला, मी एका बाजूला. मी त्यांना हिशोबाची रीतही समजावून दिली. खेळाडूची किंमत त्याने काय केलं यावर ठरत नाही. त्याच्या जागी रस्त्यावरून धरून आणलेला कुणीही साधारण माणूस उभा केला असता, तर त्या माणसापेक्षा याने किती जास्त केलं, यावर ठरते. क्लबात हल्ली असाच हिशोब चालतो. बर्निस म्हणाली, "आणि बारा वर्षं त्याने जे दिलं, ते कुठे धरलंस?" मी म्हटलं, "त्याचा पगार त्याला मिळाला." ती होकचा फोटो पुसायला वळली. तिचं काही न बोलणं मी हार समजलो. लग्नाला एवढी वर्षं झालेल्या माणसाने खरं तर अशी चूक करू नये.

डिसेंबरात क्लबने होकला धाडला. (त्यातही दोन दिवस घोळ, कारण समोरच्यांच्या डॉक्टरांनी गुडघे बघितल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. अदलाबदलीत आधी तब्येत, मग टाळ्या.) बारमध्ये सुतक होतं. मी मात्र माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून सगळ्यांना ब्रँडी पाजली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नव्या वर्षातल्या पहिल्या शुक्रवारी नेहमीसारखा बर्निसकडे मासे खायला गेलो, तर शेगडीभोवती चिडीचूप. बर्निस म्हणाली, "नॉर्ब, जरा आत ये." आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दादा, मी तिथेच ओळखलं. खेळाडूला मॅनेजरने आत बोलावून दार लावलं, की पुढे काय असतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणाली, "तुला समोर पाठवलंय. फ्लोरियनच्या टीममध्ये."

आता बर्निसच्या बारची बोलिंगची टीम तुम्ही पाहिली आहे. बुधवारी गोळा घरंगळवून खुंट्या पाडायच्या, पाच जण, त्यात शेवटचा गोळा माझा. तो मी टाकायला लागलो तेव्हा बर्निसचा नवरा हयात होता आणि सरळ उभा राहायचा. नोव्हेंबरात माझी कंबर धरली, म्हणून बुधवारी माझ्या जागी बर्निसची मावशी उभी राहिली. सिस्टर क्लोटिल्डा. निवृत्त नन. पायात ते जाड तळाचे औषधी बूट. तिने माझ्या सरासरीपेक्षा जास्त खुंट्या पाडल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा पाडल्या. बर्निस म्हणाली, "तुझीच रीत लावून बघितली, नॉर्ब. तुझ्या जागी साधारण माणूस उभा केला. तुझी किंमत शून्याच्या खाली येते." मी म्हटलं, नन म्हणजे साधारण माणूस नव्हे, तिला वरून मदत आहे. ती म्हणाली, "ते तुझ्या रीतीत बसत नाही."

माझ्या बदल्यात काय मिळालं, हे मी विचारलं. कुणीही विचारेल. तर फ्लोरियनकडचा मासे तळायचा फ्रायर, दोन जाळ्यांसकट, आणि एक 'नाव मागाहून कळवायचा खेळाडू'. हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. सौदा अडला, की क्लबवाले असा एक निनावी माणूस वर घालतात आणि नाव पुढे कधीतरी ठरवतात. बाहेर आलो, तर फ्रायर चालूही झाला होता. आजवर बर्निसकडचे मासे कसे मऊ पडायचे ते तुम्ही खाल्ले आहेत. त्या दिवशी असे कुरकुरीत, की बारभर नुसता कुडुमकुडुम आवाज. मीही खाल्ले. (तत्त्व वेगळं आणि मासे वेगळे.)

आणि मग शेगडीभोवती लगेच वाद पेटला, या सौद्यात जिंकलं कोण. माझ्यासमोर! एक जण म्हणाला, "फ्रायर अजून पाच-सहा वर्षं जाईल. नॉर्बचं काय सांगावं?" दुसरा म्हणाला, "फ्रायर निदान गप्प तरी असतो." दादा, मी उठून निघून जायला हवं होतं. पण मी त्या वादात उतरलो आणि ठासून सांगितलं, की बर्निसला फसवलंय. माझ्यासारख्या अनुभवी माणसाच्या बदल्यात फ्रायर आणि बर्फाचं यंत्र, एवढं तरी यायला हवं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे. मला धाडण्याबद्दल माझी तक्रार नाही, मी तत्त्वाला धरून आहे. माझं भांडण फक्त किमतीबद्दल आहे. लोरेन म्हणाली, "पडलास तरी नाक वर!" मी म्हटलं, नाक आहे म्हणून वर आहे.

फ्लोरियनकडे मी ताठ मानेने गेलो. रस्ता ओलांडायचा तेवढाच प्रवास, पण बर्निसच्या खिडकीसमोरून करावा लागतो. आता फ्लोरियनबद्दल मी वाईट बोलणार नाही, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पण पोळी कसली? फ्रायर समोर गेल्यामुळे इथे शुक्रवारी मासे उकडून देतात. उकडून! आणि गिऱ्हाइकं ते काट्याने उलटेपालटे करत माझ्याकडे बघतात, मी यांच्या पोटावर पाय दिल्यासारखं. शिवाय इथे शेगडी नाही. कुणी वाद घालत नाही. टीव्हीवर दिवसभर गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरणारी माणसं दाखवतात आणि हे सगळे ते गप्प बघतात. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, होकच्या सौद्याबद्दल तुमचं काय मत? एक जण म्हणाला, "बरा होता." बरा होता! बारा वर्षांच्या माणसाबद्दल दोन शब्द! मग मीच त्यांना तासभर सांगितलं, की होकने एकाहत्तर धावांनी मागे पडलेल्या पिचरांची मनं कशी सांभाळली, पावसात कसा उभा राहिला, आणि अशा माणसाला हिशोबात धरायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. (एकाहत्तर धावा बेसबॉलमध्ये होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी चिडलो होतो.) मी शब्द फिरवतोय असं समजू नका. मत तेच आहे, फक्त आता मी ते दुसऱ्या खुर्चीवरून बघतो.

टीम सुधारावी म्हणून मी फ्लोरियनच्या चारही गड्यांची किंमत माझ्या रीतीने काढून दिली. तोंडावर सांगितली. तेव्हापासून ते माझ्याशी टीव्हीकडे बघत बोलतात. फ्लोरियनची अवस्था म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. परवा मला बाजूला घेऊन म्हणाला, "नॉर्ब, बर्निसला तो नाव मागाहून कळवायचा खेळाडू द्यायचा राहिलाय ना? मला सुचलंय नाव. तूच!" म्हणजे मला माझ्याच बदल्यात परत पाठवायचं! बर्निसला फ्रायर तो फ्रायर आणि वर मी! मी त्याला बजावलं, की नॉर्बर्ट ग्लोवाकी म्हणजे दुकानदाराने हातावर ठेवलेलं सुट्टं नाणं नाही. तो म्हणाला, "तसंही जमणार नाही. तू गेलास तर माझ्याकडे चारच उरतात आणि लीगला पाच लागतात." विषय तिथेच संपला. तर मी इथेच आहे आणि इथेच राहणार. बर्निसच्या उंबरठ्यावर मी पाऊल ठेवणार नाही. तिने स्वतः येऊन बोलावलं तरी नाही. ती येत नाहीच आहे, तो भाग वेगळा.

अपमानाची हद्द म्हणजे माझा टीमचा शर्ट तिने सिस्टर क्लोटिल्डाला दिलाय. छातीवर माझं नाव शिवलेलं, 'नॉर्ब'. एखादा खेळाडू गेला, की आपल्याकडे माणसं त्याच्या शर्टावरच्या नावावर पट्टी चिकटवतात किंवा नाव उसवून टाकतात. इथे तेवढंही नाही. दर बुधवारी बाजूच्या लेनवर एक नन माझं नाव घालून गोळा टाकते, आणि खुंट्या पडल्या की आमचेच लोक ओरडतात, "वा, नॉर्ब!" मी मागे वळतो. प्रत्येक वेळी वळतो.

असो. मला कसलाही पश्चात्ताप नाही. चुकून डोळ्यांत पाणी आलंच, तर त्याचं कारण वर दिलेलं आहे. लोरेनचा नमस्कार. बर्फावरून जपून चाला.

तुमचा, मत न बदललेला,
नॉर्बर्ट

ता. क. : गुडघ्याचं सविस्तर लवकर कळवा. फ्लोरियनला तब्येतीची खात्री पटल्याशिवाय तो सौदा पक्का करणार नाही. तुमचं नाव मी त्याला सांगून ठेवलंय. शेबॉयगनहून बुधवारी गाडीने यायला तास लागतो आणि परतताना जड वाटलं तर आमच्याकडे खाट आहे. तुम्ही आलात की फ्लोरियनचे पाच पुरे होतात आणि तो मला मोकळा करू शकतो. ही विनंती समजू नये. हा व्यवहार आहे. तुमच्या वाट्याला लोरेनचा खसखशीचा रोल दर आठवड्याला, आणि हॅमच्या तुकड्याचा विषय कायमचा बंद.

ता. क. दुसरा : फ्लोरियनचे मासे उकडलेले असतात हे मी वर लिहून बसलोय. ते तितके वाईट नाहीत.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार, एवढ्यात लोरेन म्हणाली, की सिस्टर क्लोटिल्डा स्वतःच कात्री घेऊन ते नाव उसवायला बसली होती, तर बर्निसने शर्ट तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "राहू दे तसंच. पुन्हा शिवायला धागा कोण आणणार?" दादा, बर्निसचा पहिला धंदा शिवणकामाचा. तिच्याकडे धाग्यांनी भरलेलं कपाट आहे. तर हा बुधवार, संध्याकाळी सात. गुडघा कसा का असेना, या.